पास न झालेली कॅमेरो

श्रीकांत टिपणीसने आयुष्यात एकच निर्णय न तपासता घेतला. मधुमतीला बघायला गेला तेव्हा तिच्या हातच्या पोह्यांत मीठ नव्हतं, आणि तरी उठताना 'पसंत आहे' असं सांगून तो मोकळा झाला. त्यानंतर मात्र मिठापासून खिडक्यांच्या बिजागऱ्यांपर्यंत एकही गोष्ट त्याने तपासल्याशिवाय सोडली नाही. माणूस वाईट नव्हता हो. पण त्याच्याबरोबर राहणं म्हणजे रोज परीक्षेला बसणं होतं, आणि निकाल कायम राखून ठेवलेला.

त्याचं कामच तसं होतं. कॉव्हेंट्रीतल्या एका मोटार कारखान्यात तो बॉडी इन्स्पेक्टर होता. रंगून आलेली गाडी समोर उभी राहिली की दार आणि बॉडी यांच्यामधल्या फटीत तो पोलादाची पातळ पट्टी सरकवून बघायचा. फट वरपासून खालपर्यंत सारखी असली तर हिरवं लेबल, नसली तर लाल. त्याची लाल लेबलं फार असत. महिनाअखेर आली की फोरमन यायचा, ती लेबलं ओरबाडून काढायचा आणि गाड्या गेटबाहेर रवाना व्हायच्या. "मिस्टर टिप्निस, इट्स अ डोअर, नॉट अ रिस्टवॉच," असं वर ऐकवायचा. श्रीकांत मग घरी येऊन मधुमतीच्या पोळ्यांचे काठ बघत बसायचा. वड्याचं तेल वांग्यावर निघायचं, ते असं.

त्याचा एकुलता एक मित्र म्हणजे डॉक्टर नंदू कर्णिक. दोघेही मिरजेचे, एका बाकावरचे. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये तेव्हा अमेरिकन डॉक्टर असत आणि त्यांची जुनी मासिकं रद्दीत यायची. सदुसष्ट साली अशाच एका रद्दीवाल्याकडे दोघांना मोटारींचं एक मासिक मिळालं. मधल्या जोडपानावर दोन गाड्या समोरासमोर उभ्या होत्या: डावीकडे फोर्डची मस्टँग, उजवीकडे शेव्हरोलेची कॅमेरो. मासिक दोघांनी मिळून घेतलेलं, तेव्हा वाटणीही चोख झाली. पान मधोमध फाडलं. नंदूच्या हाताला डावी बाजू आली, श्रीकांतच्या हाताला उजवी. बस्स, एवढ्यावर पुढची तीस वर्षं दोघे भांडले. चुकून पानांची अदलाबदल झाली असती तर नंदू कॅमेरोसाठी जीव टाकत बसला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांपैकी कोणीही कबूल केलं नसतं.

श्रीकांत एकाहत्तर साली कॉव्हेंट्रीला आला. नंदू मागून तीन वर्षांनी तिथल्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून दाखल झाला. शनिवारी संध्याकाळी तो आणि त्याची बायको सुप्रभा कॉव्हेंट्रीच्याच रॅडफर्ड भागात टिपणिसांकडे जेवायला यायचे. जेवणं झाली की बायका आत जायच्या आणि बाहेर अमेरिका सुरू व्हायची.

"मस्टँगचं बॉनेट बघ, टिप्या," नंदू म्हणायचा. "लांबलचक बॉनेट, आखूड डिकी. उभी असली तरी निघाल्यासारखी दिसते. स्टाइल म्हणतात ती ही."

"बॉनेट लांब, कारण सगळं वजन पुढे. रस्ता वळला तरी तुझा घोडा सरळच जाणार. कॅमेरो वळते. रुंद आहे, जमिनीला धरून आहे. चाकावरची ती कड बघ, एका रेघेत पत्रा वळवलाय त्यांनी."

"पहिल्या वर्षीच्या कॅमेरोला मागे स्प्रिंगची एकच पट्टी होती. अॅक्सिलरेटर दाबला की मागची चाकं बेडकासारखी उड्या मारायची. पॉवर आहे, पण रस्त्यावर उतरतेय कुठे?"

"पहिल्या वर्षी. पुढे सुधारली."

"पुढे आमचं सात लिटरचं इंजिन आलं. तुमचं साडेसहा."

"अर्ध्या लिटरने काय होतं?"

"क्वार्टर माइलला कळतं काय होतं ते."

पाव मैल, म्हणजे चारशे मीटर, सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारीशेजारी आणि आधी पोचेल तो शहाणा. अमेरिकन गाड्यांचा निकाल तिथे लागतो, हे दोघांनी मासिकांत इतक्यांदा वाचलेलं की पाठ झालेलं. गंमत अशी की तोवर दोघांपैकी एकानेही यातली एकही गाडी प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. श्रीकांत कारखान्यातली मिळमिळीत फॅमिली गाडी चालवायचा आणि नंदू तशीच दुसरी.

चौऱ्याऐंशी साली नंदूने मस्टँग घेतलीच. एकोणसत्तर सालची, गडद हिरवी, बॉनेटमधून वर आलेला हवेचा डबा इंजिनाबरोबर थरथरायचा. रॅडफर्डच्या अरुंद गल्लीत ती शिरली तेव्हा शेजारणी पडदे सारून बघायला लागल्या. नंदूच्या चेहऱ्यावर अठरा वर्षांच्या पोराचा आनंद होता. श्रीकांत बाहेर आला, गाडीभोवती एक फेरी मारली, दाराच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मागची फट दीड मिलिमीटर जास्त आहे."

नंदू पोट धरून हसला. "अरे, ती फोर्डने डेट्रॉइटला ठेवलीय. तुला राग आला असेल तर तिकडे पत्र टाक."

श्रीकांतही हसला. पण त्या रात्री त्याने भरलेलं ताट बाजूला सारलं, आणि मधुमतीने त्याला विचारलं नाही. तिला कळत होतं. नंदूचं स्वप्न दारात उभं राहिलं होतं, आणि आपलं अजून त्या फाडलेल्या पानावर, भिंतीवरच्या फ्रेममध्ये होतं, हे त्याला खुपत होतं.

तीन वर्षांनी त्याचीही गाडी आली. ऑक्सफर्डजवळच्या अमेरिकन हवाई दलाच्या तळावरचा एक सार्जंट मायदेशी परत निघाला होता आणि त्याला आपली कॅमेरो बरोबर न्यायची नव्हती. एकोणसत्तर सालचीच, निळी, साडेसहा लिटरची. पत्रा दोन ठिकाणी गंजलेला, पण इंजिन ठणठणीत. गाडी आणायला नंदूच बरोबर गेला. परतताना तो बाजूला बसून लहान मुलासारखा डॅशबोर्डवर थापा मारत होता.

"टिप्या, आता तोंडाच्या वाफा बंद. नॉर्थॅम्प्टनशरला युद्धाच्या वेळची धावपट्टी आहे ना, तिथे महिन्यातून एक रविवार कुणीही आपली गाडी पळवू शकतं. तू इकडे, मी तिकडे. वीस वर्षांचं भांडण पंधरा सेकंदांत मिटवू."

"मिटवू. आधी जरा पत्रा बघू दे."

"मग ईस्टरनंतर?"

"ईस्टरनंतर."

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं.

ईस्टर आला तेव्हा पत्र्याचं काम झालं होतं, पण डाव्या दाराची फट खाली जास्त होती. श्रीकांतने दार उतरवलं, बिजागरीत पातळ चकत्या घातल्या, पुन्हा बसवलं, पुन्हा मोजलं. आता वरची फट बिघडली. उन्हाळा त्यातच गेला. पुढच्या वर्षी रंग लावला, आणि उन्हात बघितल्यावर बॉनेटचा निळा आणि दाराचा निळा एक नाही असं त्याला दिसलं. दुसऱ्या कुणालाही दिसत नव्हतं. मग कार्ब्युरेटर. मग समोरची क्रोमची पट्टी, जी अमेरिकेहून मागवली आणि आल्यावर रिजेक्ट केली. गाडीला सरकारमान्य गॅरेजने एमओटीचं, म्हणजे गाडी रस्त्यावर आणायला योग्य असल्याचं, सर्टिफिकेट दिलं, तेही पहिल्याच फेरीत. मेकॅनिक म्हणाला, "लव्हली मोटर, सर." श्रीकांतने कागद खिशात घातला आणि गाडी पुन्हा गॅरेजमध्ये जॅकवर चढवली.

बघा, कारखान्यात त्याची लाल लेबलं दुसऱ्याने काढून टाकली होती. इथे लेबल काढणारा कोणी नव्हता. आपल्या हातून जाणारी निदान एक गाडी तरी पूर्ण बिनचूक जाईल, असा त्याने पण केला होता. पण ज्या गाड्या अमेरिकन कारखान्यातूनच मिनिटाला एक अशा बदाबदा पडल्या, त्यांची दारं मुळातच कधी सारखी नव्हती. जे त्या गाडीत जन्मापासून नव्हतं, ते तो तिच्यात शोधत होता. मांजर पाळायचं आणि ते भुंकत नाही म्हणून रुसायचं, तसला प्रकार.

नंदू दर मार्चमध्ये फोन करायचा. "काय टिप्या, यंदा?"

"अजून पास नाही रे."

"मी पास करतो की! डॉक्टरचं सर्टिफिकेट देतो. पेशंट फिट आहे म्हणून."

"थट्टा नको. पुढच्या वर्षी नक्की."

मुलगी शिल्पा युनिव्हर्सिटीतून सुट्टीला आली की विचारायची, "बाबा, तुमचा गाडी कधी रेडी होणार? नंदूकाका एव्हरी टाइम विचारतो मला." तो म्हणायचा, "होईल ग." कारखान्याने एकोणनव्वद साली त्याला घरी बसवलं, तेव्हापासून तर त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळच वेळ होता. तरी गाडी पास होईना.

एकदा, ब्याण्णव साली, मधुमतीने गॅरेजमध्ये चहा आणून ठेवला आणि स्पष्टच विचारलं. ती फारशी विचारणारी बाई नव्हती.

"अहो, खरं सांगा. गाडीत काही प्रॉब्लेम आहे की तुमच्यात?"

श्रीकांतने पाना खाली ठेवला. हात पुसले.

"मधू, समज मी हरलो."

"मग हरलात. नंदूभावजी काय खाणार आहेत तुम्हाला?"

"पंचवीस वर्षं बोलतोय मी. ती वळते, ती चांगली, तिचा पत्रा चांगला. आणि पंधरा सेकंदांत सगळं खोटं ठरलं तर? आणि जिंकलो, तर मग शनिवारी आम्ही बोलायचं काय?"

मधुमतीला त्याची कीव आली आणि रागही आला. "भांडायला विषय राहावा म्हणून माणूस मित्राला झुलवत ठेवतो होय? धन्य आहे," ती म्हणाली आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेली. तिचं बरोबर आहे हे श्रीकांतला तेव्हाही कळलं. तेव्हाच त्याने फोन उचलायला हवा होता. त्याऐवजी त्याने पाना उचलला. आयुष्यात त्याने पुष्कळ चुका मोजल्या, पण ही एक पुढे त्याने जितक्यांदा मोजली तितकी दुसरी कुठलीच नाही.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये नंदूचा फोन आला नाही. एप्रिलमध्ये सुप्रभाचा आला.

"भावजी, यांच्या डोळ्यांचं जरा... शुगरमुळे. कधीपासूनची असणार, यांनी स्वतःची टेस्ट केली असती तर ना. लेझर झालं दोनदा. उजवा गेलाच आहे. डाव्याने उजेड-अंधार आणि मोठ्या आकृत्या दिसतात." मग ती म्हणाली, "लायसन्स परत पाठवलं काल. तेवढं एक त्यांनी स्वतः पाकिटात घातलं."

श्रीकांत गेला तेव्हा नंदू खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होता. दुसऱ्यांना गुंगी देणाऱ्या या माणसाने आपल्या रक्तातल्या साखरेला कित्येक वर्षं गुंगीत ठेवलं होतं, असं तो स्वतःच हसून सांगत होता. मस्टँग लीड्सच्या एका प्लंबरला विकली होती. बॅरी नाव त्याचं.

"चांगला माणूस आहे," नंदू म्हणाला. "पण विकताना मी अट घातलीय. एकदा बोलावलं की गाडी घेऊन धावपट्टीवर यायचं. माझा एक मित्र आहे म्हटलं, जरा स्लो आहे."

श्रीकांत तडक निघाला. घरी येऊन त्याने गॅरेज उघडलं. सात वर्षांत जमवलेली दोषांची यादी भिंतीवर टांगलेली होती, ती त्याने पहिल्यापासून वाचून काढली. तिच्यात पळण्याच्या आड येणारी एकही गोष्ट नव्हती. गाडी केव्हाच तयार होती. त्याने यादी फाडली आणि तिथेच स्टुलावर बसून तो रडला. मधुमती दारात येऊन उभी राहिली आणि 'वरातीमागून घोडं' एवढंच म्हणायचं तिच्या जिभेवर आलं होतं, पण ती म्हणाली नाही. माणूस आधीच पडलेला असला की त्याला आणखी ढकलायचं नसतं, हे शहाणपण तिच्याकडे होतं.

तरीही दोन वर्षं गेली. नंदूचं आणखी एक ऑपरेशन, मग सुप्रभाचं गुडघ्याचं, मग बॅरीच्या सुट्ट्या जुळेनात. अखेर शहाण्णवच्या ऑगस्टमधल्या एका रविवारी सगळं जमलं. श्रीकांतने नंदूला घरून उचललं आणि कॅमेरोत शेजारी बसवलं. मधुमती मागे बसली. नंदू वाटभर खुशीत होता. "ऐकतोय, टिप्या. आवाज छान आहे. पण आमच्या आवाजाला पोट आहे, हं."

धावपट्टीवर दीडशे गाड्या जमलेल्या होत्या. जळलेल्या रबराचा आणि तळलेल्या कांद्याचा वास सगळीकडे भरलेला. बॅरी मस्टँग ट्रेलरवरून उतरवून उभाच होता. त्याने नंदूचा हात धरून तो गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि इंजिन चालू केलं. नंदूने थरथरणाऱ्या डब्यावर तळवा टेकवला आणि थोडा वेळ तसाच राहिला. श्रीकांतला तिकडे बघवेना.

मधुमतीने नंदूला कुंपणापाशी, बरोबर मध्यावर, उभं केलं. पाव मैलाच्या सुरुवातीला दोन्ही गाड्या शेजारीशेजारी आल्या: हिरवी मस्टँग, निळी कॅमेरो. फक्त मस्टँगच्या स्टिअरिंगवर ज्याने असायला हवं होतं, तो कुंपणाला धरून उभा होता. खांबावरचे पिवळे दिवे एकेक करून खाली आले, हिरवा लागला आणि श्रीकांतने पाय दाबला.

कॅमेरो उडाली. बेडूक नाही, काही नाही, चाकं रस्त्याला चिकटून. पन्नास वर्षांच्या त्या इन्स्पेक्टरच्या पाठीला सीटने असा धक्का दिला की त्याच्या तोंडून हसू फुटलं. मस्टँग उजव्या खिडकीत होती, मग अर्धी होती, मग तिचं नाक तेवढं उरलं. मध्याच्या सुमाराला त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून कुंपण दिसलं आणि कुंपणावर एक पांढरा शर्ट. मनात काय आलं ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. एवढंच की या माणसाचं सगळं गेलंय, निदान हे तरी त्याला मिळू दे. आणि त्याने पाय उचलला. पुरता नाही, थोडासाच. मस्टँग बाजूने गर्जत पुढे निघून गेली.

परत येताना त्याला हलकं वाटत होतं. आपण चांगलं काहीतरी केलं, असं कितीतरी वर्षांनी वाटत होतं. वेळेची चिठ्ठी हातात फडकवत तो कुंपणापाशी गेला.

"नंद्या, जिंकलास रे! पंधरा पॉइंट एक. माझे पंधरा पॉइंट चार. मानलं तुझ्या घोड्याला."

मधुमतीने टाळी वाजवली. नंदूच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"टिप्या, तू पाय उचललास."

"छे रे, मी कशाला..."

"डोळे गेलेत माझे, कान नाही. बावीस वर्षं झोपलेल्या माणसांचा श्वास ऐकत उभा राहिलोय मी. तुझं इंजिन माझ्यासमोर आलं तेव्हा पुढे होतं, आणि मग त्याने श्वास सोडला. का सोडला?"

श्रीकांतला खोटं बोलायची सवय नव्हती.

"मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"दया आली होय माझी?" नंदूचा आवाज चढला नाही, आणि तेच ऐकवत नव्हतं. "सात वर्षं दर मार्चला फोन केला मी तुला. जिंकायला नाही रे गाढवा. हरलो असतो तर तुझ्या घरी येऊन दुप्पट जेवलो असतो. मला दोन्ही गाड्या एकदा खऱ्या पळताना बघायच्या होत्या. बघणं तू होऊ दिलं नाहीस. म्हटलं, ऐकू तरी. तर तेही तू असं करून ठेवलंस."

"थांब. थांब, परत लावतो. पूर्ण पळवतो, शप्पथ. आलोच."

श्रीकांत धावत सुटला. त्या वयात, त्या उन्हात, तळणीच्या गाड्यांमधून लोकांना ढकलत तो ट्रेलरपाशी पोचला तेव्हा बॅरी मस्टँगच्या चाकांना पट्टे आवळत होता. लीड्सला कोणाच्या तरी घरात पाइप फुटला होता, निरोप आला होता. "सॉरी, मेट. नेक्स्ट इयर, यस?" तो म्हणाला आणि ट्रेलर ओढत गेटबाहेर पडला. हिरवी गाडी उलट्या तोंडाने दूर जाताना दिसेनाशी होईपर्यंत श्रीकांत तिथे उभा राहिला.

परत आला तेव्हा मधुमतीने नंदूला कॅमेरोत बसवलं होतं आणि थर्मासमधला चहा त्याच्या हातात दिला होता. श्रीकांत स्टिअरिंगवर बसला.

"गेला?" नंदूने विचारलं.

"गेला."

"मग आता खरं सांग. उचलला नसतास तर?"

'जिंकलो असतो' म्हणता आलं असतं. 'हरलो असतो' म्हणणंही सोपं होतं. पण न मोजलेल्या गोष्टीवर सही करायची नाही, हा त्याचा जन्माचा नेम होता, आणि जे मोजता आलं असतं ते त्याने स्वतःच्याच पायाने पुसून टाकलं होतं.

"माहीत नाही रे," तो म्हणाला.

नंदूने मान हलवली, उरलेला चहा खिडकीबाहेर ओतला आणि चाचपडत काच वर करून घेतली. कॉव्हेंट्री तिथून चाळीसेक मैल होतं. ते दोघे एका गाडीत बसलेत आणि गाड्यांविषयी कोणी एक शब्द बोललं नाही, असं तीस वर्षांत पहिल्यांदाच झालं.